तीनशे रेघा

सर, तुमच्या तेराव्याला गयाबाई आल्या होत्या.

घरात आल्या नाहीत. फाटकाच्या आतल्या पायरीवर पदर आवळून बसून राहिल्या. पंगत बसली, काकूंनी दोनदा बोलावणं पाठवलं, तरी हलल्या नाहीत. तुमच्या सख्ख्या भावजय, आईमागं तुम्हाला वाढवणाऱ्या, आणि पायरीवर. मला ते बघवेना म्हणून मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. त्यांची मान वळत नाही, कुणाकडं बघायचं तर कमरेपासून अख्खं अंग फिरवावं लागतं. तसं फिरवून त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि तांब्याला हात न लावता म्हणाल्या, "म्याडम, तीनशे भरत आल्यात. आता चुरा कोन बदलायचा?"

मी येते, असं मी म्हणाले.

"रेघा आता म्या नाय मारत," त्या म्हणाल्या. "नात मारती. शाळंत जाती ती. तिच्या तरी खऱ्या मानतील."

तांब्या मी तसाच परत आणला.

सर, हे लिहायला बसलेय ते तुमचे गुण गायला नाही. ते शोकसभेत गाऊन झाले. वीस वर्षं तुमच्या प्रयोगशाळेत काढलेली मी, आधी तुमची विद्यार्थिनी, मग सहायक, त्यामुळं माझा नंबर लागणारच होता. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सरांनी आकड्यांशी कधी बेइमानी केली नाही." ते खरंच होतं. बेइमानी मी केली होती. खाली बसले तेव्हा शेजारच्या बाईंनी दुःख समजून माझ्या हातावर हात ठेवला.

मी नवीन लागले तेव्हा तुम्ही खलबत्त्यात शेवग्याच्या बिया कुटत होतात. गावाकडच्या बोअरमधलं फ्लोराइड काढायचं वेड तुमच्या डोक्यात तेव्हापासून. शेवग्यानं पाण्याचा गढूळपणा खाली बसला, फ्लोराइड जागचं हललं नाही. मग कापसाच्या पऱ्हाट्यांचा कोळसा झाला. मग सिल्लोडच्या बाजारातून तुम्ही पोतंभर मक्याची दाणे काढलेली कणसं आणलीत आणि ती जाळताना विभागात एवढा धूर केलात, की प्राचार्य नाकाला रुमाल लावून धावत आले. "काय चाललंय हे?" "हुरडा पार्टी," तुम्ही म्हणालात, चेहऱ्यावरची रेषसुद्धा न हलवता. त्या कोळशातून पाणी चहाच्या रंगाचं निघालं. मी नळी धुवायला निघाले तर तुम्ही अडवलंत. "नंदाबाई, आधी लिहा. नापास. नापास झालेलंपण लिहून ठेवायचं असतं."

बाजारात तयार फिल्टर मिळत होते. एकदा मी म्हटलंही, कुणाकडून तरी देणगी घेऊ आणि तेच वाटून टाकू. तुम्ही असे भडकलात! "वहिनीला स्वतःच्या हातानं जे करता येत नाही, त्याचं गावात सहा महिन्यांत कोंबड्यांचं खुराडं होतं." त्यावर आपण आठवडाभर भांडलो. तो वाद तुम्ही जिंकलात, कारण शेवटी उत्तर तुमच्याच भट्टीतून आलं. फुटक्या विटांचा चुरा तुरटीच्या पाण्यात भिजवायचा, सुकवायचा, पुन्हा भाजायचा. वीट फुकट, तुरटी कुठल्याही किराणा दुकानात. वरच्या बादलीत चुरा, खालच्या बादलीला तोटी. पहिल्यांदा आकडा उतरला तेव्हा तुम्ही खुर्चीत बसून नुसता चष्मा पुसत राहिलात. मला वाटलं, आनंद झाला. तुम्ही म्हणालात, "तीस वर्षं उशीर झाला."

वहिनींच्या पाठीबद्दल बोलत होतात. त्या पाण्यानं धरलेली हाडं पुन्हा मोकळी होत नाहीत, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. त्यांच्या नातीचं मात्र अजून हातात होतं. ऋतुजाचे नवे दात पिवळे पट्टे घेऊनच आले होते, हसताना ती तोंडावर हात धरायची, पण तिची हाडं वाचवता येणार होती. एवढी सगळी उठाठेव त्या एका पोरीसाठी चालली आहे, हे तुम्ही कधी बोलला नाहीत. मला कळत होतं, सर.

चुरा किती घागरी टिकतो, एवढं काढायचं उरलं होतं. ते तुम्ही माझ्यावर सोपवलंत. काचेच्या नळीत मूठभर चुरा घ्यायचा, त्यातून बोअरचं पाणी सोडत राहायचं, आणि फ्लोराइड पलीकडं निघायला लागलं की थांबून घागरींचा हिशेब मांडायचा. पाणी तुम्ही स्वतः एसटीतून आणलंत, दोन मोठे कॅन, त्यांवर तुमच्या अक्षरात गावाचं नाव. तीन दिवस जोडून सुट्टी होती, कॉलेजला कुलूप लागणार होतं, म्हणून मी ते कॅन उस्मानपुऱ्यात घरी नेले.

यानंतरचं तुम्हाला माहीत नाही.

आमच्या नळाला पाणी येऊन आठवडा उलटून गेला होता. नणंद पोराबाळांसकट आलेली, पिंप कोरडं, मोरीत कपड्यांचा ढीग. मी बाहेरून आले तर सासूबाई मोठ्या कौतुकानं म्हणाल्या, "तुझ्या त्या मचूळ पाण्यात कपडे उरकून घेतले बाई सगळे. अन् नळ आला दुपारी, तर तुझे कॅनपण गच्च भरून ठेवले. झाकणं लावून." त्यांना काय बोलणार? या शहरात नळ आला की माणूस वाटीसुद्धा रिकामी ठेवत नाही. त्यांनी त्यांच्या परीनं माझं कामच केलं होतं.

मी काय करायला हवं होतं, ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. तुम्हाला फोन. तुम्ही कडाडला असतात, मग सोमवारी चौक्याचा घाट ओलांडून गेला असतात आणि नवं पाणी आणलं असतंत. पण मला तुमच्या ओरडण्याची भीती होती, आणि त्याहून वाईट म्हणजे शहाणपणा होता. मी म्हटलं, फ्लोराइड ते फ्लोराइड, पाणी कुठलं का असेना. नळाच्या पाण्यात ते मोजून टाकलं, तुमच्या बोअरएवढंच, दशांशसुद्धा चुकू दिला नाही. तुमच्या अक्षराच्या कॅनमधून नळी चालवली. आकडा आला तीनशे घागरी. तुम्ही तो बघून मान डोलावलीत, आणि मला इतकं बरं वाटलं, की दोन दिवसांत मी स्वतःच विसरून गेले.

शिवरात्रीच्या सुमाराला अकरा घरांत बादल्या बसल्या. घागर ओतली की भिंतीवर गेरूची एक रेघ, तीनशे झाल्या की चुरा बदलायचा. "वही हरवते, भिंत हरवत नाही," ही तुमचीच कल्पना. बायकांना ती फार आवडली. गयाबाईंच्या रेघा तर चुलीमागच्या भिंतीवर अशा ओळीत, की बघणाऱ्याला नक्षी वाटावी.

आणि मग चैत्रातली ती सकाळ. आपण फ्लोराइड मोजायचं यंत्र घेऊन पाणी तपासायला गेलो होतो. सव्वादोनशेच्या आसपास रेघा झालेल्या आणि बादलीतून जसं बोअरचं तसंच पाणी खाली येत होतं. एका घरी, दुसऱ्या घरी, अकराच्या अकरा घरी. तुमचा चेहरा काळवंडत गेला. शाळेच्या ओसरीवर तुम्ही सगळ्या बायकांना बोलावलंत. बाप्ये मंडळीपण येऊन उभी राहिली.

"यंत्र खोटं बोलत नाही," तुम्ही म्हणालात. "रेघा खोट्या आहेत. दोन घागरी ओतायच्या अन् एक रेघ मारायची, म्हंजी चुरा भाजायचा ताप नको! पोरांच्या हाडाशी खेळता का?"

गयाबाई उठल्या. "भावजी, म्या एक रेघ चुकवली नाय."

"वहिनी, तुमच्याकडून तरी ही अपेक्षा नव्हती मला."

सगळ्यांदेखत. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या वाकलेल्या पाठीनं घराकडं चालायला लागल्या.

मी तुमच्या शेजारीच होते, नमुन्याच्या बाटल्या हातात घेऊन. आणि नेमकं तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खार. तुमच्या बोअरच्या पाण्यात खार एवढा, की डाळ शिजत नाही. आमच्या नळाच्या पाण्यात तो नावालाच. खार आधी जाऊन चुऱ्यावरची जागा अडवतो, फ्लोराइडला बसायला जागाच उरत नाही. म्हणजे माझा आकडा खोटा होता आणि त्या बायकांची रेघन् रेघ खरी होती. तोंड उघडायला एक श्वास पुरला असता. मी बाटल्यांची बुचं घट्ट करत राहिले.

परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीकडं तोंड करून बसला होतात. फुलंब्री मागं पडल्यावर एकदाच बोललात. "वहिनी खोटं बोलल्या, नंदाबाई. याचा लई त्रास होतोय मला." मी मांडीवरच्या बाटल्या मोजत राहिले. त्या दिवशी सोबत नेलेला नवा चुरा अकरा घरी भरून आलो होतो आणि तुम्ही बजावून सांगितलं होतं, तीनशेच, पण इमानानं.

सर, तुमचाही राग येतो मला. आता येतो. माझ्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवलात, मग जिनं भरवलं त्या बाईच्या शब्दावर का नाही ठेवलात? आकडा आणि माणूस जुळत नसेल तर आकडा पुन्हा काढा, असं वर्गात सांगणारे तुम्हीच ना? त्या दिवशी एकदा जरी म्हणाला असतात, "नंदाबाई, नळी पुन्हा चालवू," तर मी तिथंच कोसळले असते आणि सगळं बाहेर आलं असतं. पण तुम्हाला माझ्याबद्दल शंकाच आली नाही. माझ्या सासरच्यांचा नोकरीला विरोध होता तेव्हा आमच्या घरी येऊन, तीन कप चहा पिऊन, "हिच्यासारखं हाताला चोख माणूस मला मिळायचं नाही" असं सांगून गेलेले तुम्ही. त्या एका वाक्यावर माझं सगळं आयुष्य उभं राहिलं. त्याचे उपकार कसे फेडावेत, ते मला कळत नव्हतं. मी ते असे फेडले.

वैशाखात कॉलेजला सुट्टी लागल्यावर मी एकटी तुमच्या गावाला गेले. तोंडाला स्कार्फ गुंडाळून, चोरासारखी. गावाबाहेरच्या हापशावर, त्याच खाऱ्या पाण्याचे, दोन कॅन भरले आणि कुणाला न भेटता परत आले. नळी दोनदा चालवली. दोन्ही वेळा चुऱ्यानं शंभराच्या जरा पुढं दम तोडला. कागदावर सगळं व्यवस्थित लिहिलं, खाली सही केली, घडी करून पर्समध्ये ठेवलं. तो आठवडाभर तुम्ही रोज प्रयोगशाळेत येत होतात, चांगले धडधाकट. मी तो कागद दोनदा बाहेर काढला. एकदा तुम्ही कुणावर तरी चिडलेले होतात, म्हणून परत ठेवला. एकदा खुशीत होतात, म्हणून परत ठेवला.

आणि तिकडं अकरा घरांत पोरं रोज ते पाणी पीत होती. हे मला ठाऊक होतं, सर. सकाळी चहा गाळताना आठवायचं, नळाला पाणी आलं की आठवायचं. मी स्वतःला सांगायचे, उद्या.

मग तुमच्या छातीत दुखलं. दवाखान्यात मला आत सोडलं तेव्हा तुमच्या नाकात नळी होती. तुम्ही हळूच विचारलंत, "गावाकडचं काय?"

"ठीक आहे, सर."

"वहिनी?"

"बऱ्या आहेत."

तुम्ही डोळे मिटलेत. कागद माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होता. आजारी माणसाला कशाला ताप, असं मी बाहेर येऊन स्वतःला समजावलं. खरं कारण ते नव्हतं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

तेराव्यानंतर सलग चार दिवस मी चुरा भाजला. प्रयोगशाळेतल्या भट्टीनं डोळे चुरचुरत होते, पण थांबायची हिंमत होत नव्हती, थांबले तर पुन्हा 'उद्या' म्हणाले असते. रविवारी दोन पोती घेऊन एसटीत बसले. गाव आलं तेव्हा उतरावं की तसंच पुढं सिल्लोडला जावं, हा विचारसुद्धा मनात येऊन गेला. कंडक्टरनंच पोती खाली उतरवली.

गयाबाई चुलीपाशी होत्या. भिंतीवर दोनशे ब्याण्णव रेघा होत्या, मी मोजल्या. शेवटच्या बारीक, पोरीच्या हाताच्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कॅन, नळ, माझा आकडा, हापशावरची चोरी, कागद. मधे थांबले नाही. त्या अंग फिरवून माझ्याकडं बघत होत्या.

"म्हंजी माझ्या रेघा खऱ्या व्हत्या?"

"हो, मावशी."

"भावजींला सांगितलं व्हतं?"

"नाही."

त्या भिंतीला धरून उठल्या. मला वाटलं, आता हाकलतात. "मला एकटीला नगं सांगू," त्या म्हणाल्या. "समद्यांदेखत बोलले व्हते ते. तू बी समद्यांदेखत बोल."

त्याच ओसरीवर, सर. त्याच अकराजणी, आणि मागं तेच बाप्ये. मी म्हणाले, सरांनी तुम्हाला खोटं ठरवलं ते माझ्या खोट्या आकड्यामुळं. चूक माझी होती आणि ती मी दोन महिने लपवली. सरांना यातलं काही माहीत नव्हतं. एकजण मागून ओरडला, "मोठ्यानं बोला." मी ते सगळं पुन्हा, मोठ्यानं बोलले.

"दोन म्हैने पोरांनी तेच पानी पेलं?" एकीनं विचारलं.

"शंभर रेघांनंतरचं, हो."

ती उठून गेली आणि थोड्या वेळात तिची बादली दारात पालथी झालेली दिसली. दुसरी रडायला लागली. एका माणसानं जे सुनावलं ते इथं लिहीत नाही, पण त्यातला एकही शब्द जादा नव्हता. मी ऐकून घेतलं. मग पोती सोडली. नऊजणींनी नवा चुरा घेतला, दोघींनी नाही घेतला. ऐंशी रेघा झाल्या की बदलायचा असं सांगितलं, आणि दर महिन्याला पाणी तपासायला मी येईन म्हणाले. कुणी हो म्हणालं नाही, नको पण म्हणालं नाही. मी जाणार आहे.

निघताना गयाबाईंनी थांबवलं. ताटात भाकरी आणि मेथीची भाजी वाढून पुढं सरकवली. मी भाकरी मोडली, त्या समोर बसून होत्या.

"भावजी ल्हानपनापून असेच," त्या म्हणाल्या. "आधी वरडायचे. मंग दोन दिसांनी गुमान येऊन पाटावर बसायचे. म्या बी काय बोलायची नाय, वाढायची. या येळंला बी म्हनलं, येतील. रोज दोन भाकरी जास्तीच्या टाकायची. चैतापून टाकत व्हते."

सर, त्या तुमच्यावर रुसल्या नव्हत्या. तुमची वाट बघत होत्या. वैशाखात तो कागद मी तुमच्या हातात दिला असता, तर तुम्ही आधी माझ्यावर ओरडला असतात आणि मग मिळेल ती एसटी धरून त्याच दिवशी त्यांच्यापुढं जेवायला जाऊन बसला असतात. तेवढं मी होऊ दिलं नाही.